पाववाल्याचा हात

सकाळी साडेनऊला दुकानात बारा गिटारी होत्या. भिंतीवर नऊ, बाकावर दोन, दाराजवळ पेटीत एक. त्यांतल्या सात इलेक्ट्रिक, पाच साध्या, पोकळ पोटाच्या. एकीला बारा तारा, एकीला एकही नाही, कारण तिचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासायचे होते, आणि पेटीतल्या गिटारीची पहिली तार तुटून मुडपलेली. म्हणजे ताणलेल्या तारा एकाहत्तर. एका तारेला सरासरी साडेसात किलो ताण धरला तर त्या शांत खोलीत सव्वापाचशे किलोंहून जास्त ओढ चालू होती आणि ती कुठेही दिसत नव्हती. खिडकीतून ऊन आलं होतं, बाकावर लाकडाचा भुसा होता, डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडं होतं. कुलूप उघडल्यावर मी रोज हे मोजते. गरज काही नसते. पण एवढा ताण इतका गप्प राहू शकतो हे मला तीन वर्षांनंतरही सवयीचं झालेलं नाही, आणि होऊ नये असं वाटतं. मामा मागून चपला काढत विचारतो, "हजेरी झाली का, शास्त्रज्ञबाई? कुणी दांडी मारली?" मी म्हणते, "पेटीतलीची एक तार गैरहजर." मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं तो गिटारी दुरुस्त करतोय आणि गिऱ्हाइकं पण त्याला मामाच म्हणतात, त्यामुळे खरी भाची असण्याचा मला वेगळा फायदा असा काही मिळालेला नाही.

तेरावी गिटार नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आली. ती पाववाल्याची होती. मागच्या गल्लीत त्याची बेकरी आहे, आणि संध्याकाळी तो एका चौघांच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. भुवयांवर पीठ, कोपरापर्यंत पीठ. मामाने नेहमीसारखा हात पुढे केला, त्यानेही हात शर्टाला पुसून मिळवला. मग तो गिटारीची पिशवी छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"मामा, रागावू नका. पण ह्या वेळी ही खोटं बोलते."

"म्हणजे कशी?"

"मोकळी तार वाजवली की गोड. खाली वाजवतो तोवर ठीक. वर गेलो, बाराव्या फ्रेटच्या आसपास दाबली, की सूर चढतो. शनिवारी आमच्या गाणाऱ्या बाईंनी गाता गाता मागे वळून बघितलं माझ्याकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा."

"तुझा हात बदलला असेल."

"हा हात रोज चाळीस किलो कणीक मळतो, मामा. तो आता कशाला बदलतोय."

मामा हसला नाही. त्याने गिटार मांडीवर घेतली, तिसरी तार बाराव्या फ्रेटवर दाबली, छेडली, हनुवटी गिटारीच्या कडेला टेकवून ऐकलं. पुन्हा छेडली. मग म्हणाला, "ठेवून जा. संध्याकाळपर्यंत बघतो." पाववाला गेल्यावर दाराची काच बराच वेळ थरथरत होती, की मला तसं वाटलं. दुरुस्त केलेली गिटार सुरासाठी परत आलेली मी कधी पाहिली नव्हती. तुटून आलेल्या पाहिल्या होत्या, गाडीच्या चाकाखाली गेलेली पाहिली होती. सुरासाठी नाही. ही गिटार खोटं का बोलते हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मामाने ती सहा आठवड्यांपूर्वी लावली होती. आणि मामा दुपारच्या चहाला गेला असताना मी तिचे स्क्रू फिरवले होते.

ह्याची सुरुवात नऊ महिन्यांपूर्वी, एका हिरव्या खोलीत झाली. आईने बळंबळं मामाला कान तपासायला पाठवलं आणि सोबत मला. काचेच्या पेटीत मामा कानाला गोळे लावून बसला, आवाज आला की हात वर करायचा होता. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला हात लगेच वर जात होता. मग उशिरा. मग बराच वेळ मामा समोर बघत राहिला, चेहऱ्यावर एखाद्या पाहुण्याची वाट बघणाऱ्या माणसाचं शहाणं हसू, आणि हात मांडीवरच. आत आवाज होत होता. मशीनवरचा दिवा लागत होता, विझत होता. मला तो दिवा दिसत होता आणि मामाला आवाज ऐकू येत नव्हता, ह्यापेक्षा भयंकर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आलेख दिला. रेघ सरळ चालत येऊन सेकंदाला तीन हजार कंपनांपाशी कड्यावरून पडावी तशी पडली होती. बाहेर आल्यावर मामाने कागदाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "चिमण्या गेल्या, एवढंच. माणसं ऐकू येतात अजून. तुझ्या आईचा आवाज तर जास्तच."

मी हसले, पण त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस ती पडलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती. कारण मला कान ह्याच माणसाने दिला होता. मी सात वर्षांची असेन. मामाने दोन तारा जवळजवळ एकाच सुरात लावल्या आणि दोन्ही एकदम छेडल्या. "ऐक, आवाजाच्या आत लाट आहे." मला काही ऐकू येईना. मग त्याने माझी हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवली, आणि माझ्या दातांत, कवटीत, कानांच्या मागे कुठेतरी ते सुरू झालं: आवाज फुगत होता, ओसरत होता, श्वासासारखा. मामा खुंटी पिळत गेला तशी लाट लांबत गेली, सावकाश होत गेली, आणि मग थांबली. दोन तारा एक झाल्या. मी मामाकडे बघितलं तेव्हा तो माझ्याकडे नाही, तारांकडे बघत होता. पुढे कॉलेजात त्याच लाटेचं समीकरण फळ्यावर आलं, दोन कंपनसंख्यांमधली वजाबाकी, एवढंच, आणि सगळा वर्ग उतरवून घेत असताना मी हनुवटीला हात लावून बसले होते. पदवी घेऊन मी प्रयोगशाळेत न जाता इथे आले ते त्यामुळे. आईला अजून वाटतं की मी काही दिवसांसाठी आले आहे.

गिटारीच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटा सरकता ठोकळा असतो, त्याला सॅडल म्हणतात. तो मागेपुढे करून तारेची लांबी अशी ठरवायची की बरोब्बर मध्यावर, बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या नेमक्या दुप्पट सुरात बोलली पाहिजे. तार दाबताना थोडी ताणली जाते, म्हणून सूर चढतो. तेवढी ती आधीच लांब ठेवावी लागते. मामा हे कानाने करतो. मी यंत्राने तपासते, आणि यंत्र अर्ध्या सुराचे शंभर भाग करून दाखवतं. एका भागाला सेंट म्हणतात. आलेख पाहिल्यापासून मी मामाने लावलेली प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार त्याच्या मागे तपासायला लागले. वहीत लिहायला लागले. काही शून्यावर होत्या. काही तीन सेंट खाली, काही पाच. आणि त्यातही मेळ नव्हता: आज एक शून्यावर, उद्या एक पाच खाली. मला वाटलं, हेच ते. कड्यावरून पडणं असंच सुरू होतं. मी त्याला काम करताना निरखून बघायला लागले आणि वहीत आणखी एक नोंद केली: "बोटाचा दाब अनियमित. कधी हलका, कधी फार जड." थरथर असावी, असंही कंसात लिहिलं. मग तो चहाला गेला की मी त्या गिटारी शून्यावर आणून ठेवायचे. पाववाल्याची तिसरी तार पाच सेंटांहून थोडी जास्त खाली निघाली होती. सॅडल दोन मिलिमीटर पुढे घेतलं, म्हणजे स्क्रूचे चार वेढे. त्या चार वेढ्यांत मला केवढी माया वाटली होती मामाबद्दल. आपण त्याला कळू न देता सांभाळतोय, असं.

आता तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. गिटार पुन्हा छेडली, पुन्हा हनुवटी टेकवली.

"चढलाय," तो म्हणाला. "पाववाला बरोबर बोलतोय."

"किती?"

"पुष्कळ. आज ऐकू येतंय मला. मग त्या दिवशी का नाही आलं?" हे त्याने मला विचारलं नव्हतं. बोटाने तो सॅडलच्या कडेवरची धूळ पुसत होता. "कान सरळ बंद पडला तर माणूस दुसऱ्याला विचारतो. आज ऐकू येतं, उद्या नाही, असल्या कानाचं काय करायचं?"

त्याच्याकडे एक बारका पेचकस आहे, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, सॅडलचे स्क्रू फक्त त्यानेच फिरवायचे. तीन वर्षांत त्याने तो मला हातात दिला नव्हता. मी माझा वेगळा वापरायचे. तो त्याने बाकावरून उचलला, उलटा करून मूठ माझ्याकडे केली. "आजपासून शेवटचा हात तुझा. मी आपला फ्रेट घाशीन, डिंक लावीन, तारा चढवीन. ते डोळ्यांचं काम आहे." मी पेचकस घेतला. ही गोष्ट आपल्याला कधीतरी मिळावी म्हणून मी किती वाट बघितली होती. चिकटपट्टी त्याच्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती, आणि माझा अंगठा त्या खळग्यात बसत नव्हता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पेटीतल्या गिटारीला तारा चढवायला घेतल्या. जुन्या सैल करून काढल्या, त्यांच्या आतल्या बाजूला घामाने काळे डाग पडले होते, जिथे माणूस रोज दाबतो नेमके तिथेच. नवी तार ओवली, खुंटीवर तीन वेढे, एकाखाली एक, एकमेकांवर चढू न देता, मग ताण. ढिली तार म्हणजे नुसता धातूचा दोरा. पिळत गेलं की एका क्षणी, सांगता येत नाही कोणत्या, ती बोलायला लागते. पलीकडे मामा एका इलेक्ट्रिक गिटारीची घरघर शोधत होता. हात काढला की घरघर, तारांवर हात ठेवला की शांत. तारांना जमिनीशी जोडणारी वायर शाबूत असली तर माणसाच्या अंगावर जमलेला विजेचा गोंगाट तिच्यावाटे खाली निघून जातो. लहानपणी मामाने मला असंच बोट ठेवायला लावलं होतं आणि माझ्या बोटाने आवाज विझला तेव्हा मी घाबरून हात मागे घेतला होता. आज तो हात ठेवत होता, काढत होता, ठेवत होता. घरघर, शांत, घरघर. दोष कुठे आहे ते त्याला पहिल्याच खेपेला कळलं असणार. तो फक्त ऐकत होता, अजून काय काय ऐकू येतंय ते.

आम्ही जेवायला डबे उघडले. मी वही काढून त्याच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे काय? हिशेब?"

"मामा, पाववाल्याची गिटार मी बिघडवली. तू लावल्यावर. मी स्क्रू फिरवले."

तो चावायचा थांबला नाही. पान उलटलं, मग आणखी एक. "बोटाचा दाब अनियमित," त्याने मोठ्याने वाचलं. "थरथर असावी." मग डब्याचं झाकण लावलं, जेवण अर्धं सोडून. "किती गिटारी?"

"तपासल्या एक्केचाळीस. फिरवल्या अठ्ठावीस."

"आणि परत आली एक."

"हो. म्हणजे बाकीच्या तरी..."

"बाकीच्या सत्तावीस जणांना वाटत असेल आपला हात बिघडला," मामा म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "लोक माझ्यावर शंका घेत नाहीत गं. स्वतःवर घेतात. कुणीतरी घरी बसून बोटांना शिव्या देत असेल." वही मिटून तो म्हणाला, "तुला विचारता आलं असतं. मामा, असं का, एवढंच."

"मला वाटलं तुला ऐकू येत नाही. तो आलेख..."

"आलेखात काय होतं? तू शिकलीस, मी नाही. कुठे पडली होती रेघ?"

"तीन हजारांवर."

"आणि गिटारीची सगळ्यांत बारीक तार बाराव्या फ्रेटवर कितीत बोलते?"

मी उत्तर दिलं तेव्हा माझा मलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. सहाशे एकोणसाठ. कड्याच्या कितीतरी अलीकडे, सरळ रेघेवर, जिथे मामाचा हात लगेच वर जात होता. दोन्ही आकडे मला नऊ महिने पाठ होते. मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

"मग पाच सेंट खाली का लावतोस?"

"कुणासाठी लावतोय त्यावर आहे." त्याने हात पुढे केला, गिऱ्हाइकापुढे करतो तसा. "दे. हा तुझा." माझा हात हातात घेऊन त्याने हलकेच दाबला, आणि मला माझीच पकड बाहेरून जाणवली. "हा दातांचा डॉक्टर." बोटांची टोकं फक्त, मोजून. "ह्या शाळेच्या बाई, अंगठा फार लावतात." आणि मग, "हा पाववाला." माझी बोटं एकमेकांत रुतली. दाब तळहातातून नाही, खांद्यातून येत होता, गोल, सावकाश, कणीक मळतात तसा. मी तीन वर्षं रोज बघत होते: दारातून आलेल्या प्रत्येकाशी हा माणूस हात मिळवतो, आणि मला ती त्याची जुन्या वळणाची रीत वाटत होती. तो मोजत होता. नंतर सूर लावताना तो आपलं बोट बाजूला ठेवत होता आणि त्या त्या माणसाचं बोट लावत होता. जड हात तार जास्त ताणणार, म्हणून तेवढी आधीच खाली. माझ्या हलक्या बोटाने ती खालीच दिसणार. वहीतल्या एक्केचाळीस नोंदींत एकही चूक नव्हती. त्यांचं नाव मी चुकीचं ठेवलं होतं. समोर बसलेल्या, ओठाला शीत लागलेल्या माणसात एकतीस वर्षांचे हात साठलेले होते, शेकड्यांनी, कुणाचा कुणात मिसळला नव्हता, आणि तो डबा पुसत होता.

मी रंग मिसळायचा छोटा वजनकाटा आणला. "मामा, एकदा. विचारून करतेय."

"मला तोलणार? कर. वजन कमी सांग, तुझी मामी खूश होईल."

एक गिटार आडवी ठेवून तिच्या मानेखाली, बाराव्या फ्रेटपाशी, काटा सरकवला आणि शून्यावर आणला. तार दाबायची, आकडा वाचायचा. माझं बोट: तीनशे दहा ग्रॅम. मामाचं स्वतःचं: चारशे वीस. मग तेच बोट दातांचा डॉक्टर होऊन: दोनशे ऐंशी. शाळेच्या बाई: सहाशे पन्नास. पाववाला: एक हजार एकशे चाळीस. मी त्याला अर्ध्या तासाने, क्रम उलटा करून, काट्यावर कागद झाकून पुन्हा दाबायला लावलं. कुठलाही आकडा वीस ग्रॅमपेक्षा जास्त हलला नाही. मामा मात्र खूश झाला नाही.

"हे माझं मला पटलेलं असणं झालं," तो म्हणाला. "पाववाल्याला कधी तोललंय आपण? मी म्हणतो हा त्याचा हात. नसेल तर? वय झालं की माणसाला सगळंच आठवतंय असं वाटतं." पेचकस त्याने घेतला नव्हता. तो माझ्या खिशात होता. मी काढला, उलटा केला, मूठ त्याच्याकडे. त्याने तो घेतला. "तुझं ते यंत्र बंद कर," तो म्हणाला. "आणि तू तिकडे बस. तोंड भिंतीकडे." मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागे तार बोलत होती, थांबत होती, स्क्रूचा बारीक करकर आवाज, पुन्हा तार. ह्यातलं किती मामाच्या कानात जात होतं आणि किती हनुवटीतून हाडात, मला सांगता आलं नसतं. मला एवढंच जाणवलं की आवाज एकेका तारेवर कुठेतरी येऊन टेकतो आहे, जिना उतरणाऱ्याचा पाय अंधारातही शेवटच्या पायरीवर टेकतो तसा.

साडेचारला आम्ही बेकरीत गेलो. मी काटा घेतला, यंत्र घेतलं, मामाने गिटार. दुपारच्या भट्टीची ऊब अजून भिंतींत होती. लांब टेबलावर पिठाचा पातळ थर होता, त्याच्यावर पाववाल्याने एक कोरडं फडकं अंथरलं. मी त्याला सगळं सांगितलं, स्क्रू मी फिरवले हेही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मामाकडे.

"म्हणजे शनिवारी बाईंनी बघितलं ते हिच्यामुळे?"

"भाची आहे," मामा म्हणाला. "भोग आता."

"उद्यापासून ताई, तुमच्या पावात मीठ नाही."

"आणखी सत्तावीस आहेत," मामा मला म्हणाला. "उद्यापासून एकेकाला बोलव. सांग, मामाला हात मिळवायचाय." मग तो भट्टीच्या दाराकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. भट्टीत बघण्यासारखं काही नव्हतं. त्याचे दोन्ही हात मागे एकमेकांत होते आणि उजवा अंगठा डाव्या तळव्यावर घासत होता.

मी मानेखाली काटा ठेवला. पाववाल्याने बोट पुसलं. "मला कणकेसारखं तोलताय," तो म्हणाला, आणि दाबलं, नेहमी दाबतो तसं, विचार न करता. एक हजार एकशे तीस. मी काटा काढून घेतला, त्याच्या मांडीवर गिटार दिली, यंत्राची चिमटी खुंट्यांपाशी लावली. मोकळी तार, मग बारावा फ्रेट, सहावीपासून वर. मी आकडे मोठ्याने वाचत गेले, आवाज सपाट ठेवून, प्रयोगशाळेत वाचतात तसे. सहावी, उणे एक. पाचवी, शून्य. चौथी, शून्य. दुसरी, अधिक एक. पहिली, शून्य. तिसरी मी शेवटी ठेवली होती, ती सगळ्यांत हट्टी तार आणि मी चार वेढे फिरवले होते ती हीच. पाववाल्याने दाबली, छेडली. आकडा हलत राहिला, मग स्थिरावला. मी त्याला पुन्हा छेडायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा.

"किती?" मामाने मागे न वळता विचारलं.

"तिसरी तार, बारावा फ्रेट. तीन वेळा घेतलं. सरासरी अधिक शून्य पूर्णांक तीन सेंट."